चित्र मोठे, गोष्ट मोठी की खेळ मोठा?

लगोरीचा खेळ आठवून पाहा. फरशीचे किंवा खापराचे सात तुकडे आणि एक चेंडू, एवढेच सामान. त्यावर चित्र नाही, त्यामागे राजाराणीची गोष्ट नाही. तरीही मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मुलांचा पाय मैदानातून निघत नाही. उलट बाजारातून आणलेले, कळ दाबताच दिवे लागणारे महागडे खेळणे चार दिवसांत माळ्यावर जाते. असे का होते, हा प्रश्न शिक्षकांना आणि पालकांना नवा नाही.

हाच प्रश्न गेली अनेक दशके व्हिडिओ गेमच्या जगातही विचारला जात आहे. खेळ चांगला कशामुळे ठरतो? पडद्यावरील देखण्या चित्रांमुळे, त्यातल्या गोष्टीमुळे, की प्रत्यक्ष खेळण्याच्या रीतीमुळे? या शेवटच्या गोष्टीला त्या क्षेत्रातले लोक 'गेमप्ले' म्हणतात. व्हिडिओ गेमचे नाव काढले की आपणा शिक्षक मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण जुने, गाजलेले खेळ घड्याळासारखे उघडून पाहिले तर आत गणित सापडते, भौतिकी सापडते आणि शिकवण्याची कलाही सापडते. या लेखात आपण तसे काही खेळ उघडून पाहू.

आधी शब्द नेमके करून घेऊ

बुद्धिबळाचा पट हस्तिदंती असो की पुठ्ठ्याचा, खेळ तोच राहतो. पट न पाहता, नुसत्या तोंडी चाली सांगूनही तरबेज खेळाडू डाव पुरा करतात. आता पटाला हात न लावता एकच बदल करा: घोडा अडीच घरांऐवजी दोन घरे सरळ चालेल असे ठरवा. सोंगट्या त्याच, राजा-वजिराची लढाई तीच, पण खेळ निराळा झाला!

म्हणजे खेळात तीन धागे असतात. चित्र सांगते, 'समोर काय आहे'. गोष्ट सांगते, 'हे सारे कशासाठी करायचे'. आणि खेळण्याची रीत सांगते, 'मला काय काय करता येईल आणि ते केले तर काय होईल'. यांपैकी एकेक धागा काढून पाहायचा आणि मागे काय उरते ते तपासायचे, ही आपली कसोटी.

परावर्तनाचा नियम मोडणारी बॅट

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी प्रदर्शन भरले होते. विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाने तिथल्या एका अनुरूप संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून टेनिसचा खेळ तयार केला. हा संगणक फेकलेल्या वस्तूचा मार्ग काढू शकत असे. तोच मार्ग आता चेंडूला मिळाला. पडदा जेमतेम पाच इंचांचा. त्यावर जमिनीची एक रेघ, जाळ्याची एक उभी रेघ आणि चेंडूचा ठिपका. खेळाडू दिसतच नव्हते. तरीही लोकांनी हा खेळ खेळायला रांगा लावल्या.

यानंतर चौदा वर्षांनी, १९७२ मध्ये, अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' बनवला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या आणि एक चौकोनी ठिपका. गोष्ट काहीच नाही. कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात पहिले यंत्र चाचणीसाठी ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले, तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्यामुळे यंत्र अडले होते.

यात एवढे खिळवून ठेवणारे काय होते? आठवीनववीच्या मुलांना परावर्तनाचा नियम माहीत असतो: आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात. पाँगमधील दांडीने हा नियम पाळला असता तर खेळाडूला चेंडूच्या वाटेत उभे राहण्यापलीकडे काही कामच उरले नसते. चेंडू कुठे जाणार हे आधीच ठरलेले! अल्कॉर्न यांनी दांडीचे आठ भाग कल्पिले. चेंडू मधल्या भागावर आदळला तर सरळ परततो. जितका कडेच्या भागावर आदळेल तितका तिरका जातो. आता दांडी नुसती आडवी येऊन भागत नाही. चेंडू कोणत्या भागावर घ्यायचा, हे ठरवावे लागते. कडेने घेतला तर समोरचा चकेल, पण आपलाही हुकण्याचा धोका वाढेल. शिवाय काही टोले झाले की चेंडूचा वेग वाढे. निसर्गनियम जाणूनबुजून मोडला आणि त्या फटीतून 'निवड' आत आली. चित्र होते तेवढेच राहिले, खेळ मात्र जन्माला आला.

संथ यंत्राची देणगी

जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. परग्रहावरच्या प्राण्यांची फौज वरून खाली सरकत येते; आपण खालून गोळ्या झाडायच्या. अकरा-अकरांच्या पाच रांगा, म्हणजे ५५ प्राणी. मूळ पडदा काळापांढरा होता. त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून रंगाचा भास आणलेला.

त्यातील प्रक्रियक इतका संथ होता की सगळी फौज एका दमात हलवणे त्याला जमत नसे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होई आणि प्रत्येक वेळी एकच प्राणी एक पाऊल सरके. म्हणजे फौजेला एक पाऊल टाकायला किती वेळ लागे? प्राणी ५५ असतील तर ५५ ÷ ६०, म्हणजे सुमारे ०.९२ सेकंद. तीस उरले की अर्धा सेकंद. सहा उरले की सेकंदाचा दहावा भाग. आणि शेवटचा एकच उरला की तो दर साठाव्या सेकंदाला पाऊल टाकतो. सुरुवातीच्या मानाने हा वेग पन्नास पटींहून अधिक झाला!

हे व्यस्त प्रमाण आहे. प्राण्यांची संख्या आणि पावलांचा वेग यांचा गुणाकार स्थिर राहतो. म्हणून ५५ चे ५४ झाले तर फरक जाणवतही नाही, पण दोनाचा एक झाला की वेग एकदम दुप्पट. सोबतचे चार सुरांचे ठेकेदार संगीतही जलद होत जाते. खेळाडूच्या छातीची धडधड वाढत जाते ती याच आलेखाप्रमाणे. पुढे पुढे खेळ अवघड होत जावा, ही आज सर्वमान्य असलेली रीत इथे यंत्राच्या उणिवेतून हाती आली, आणि निशिकादो यांनी ती उणीव दूर न करता तशीच ठेवली. यंत्र जलद असते तर चित्र अधिक सफाईदार दिसले असते, पण खेळातला हा प्राण हरवला असता.

चार चौकोनांची करामत

चित्र आणि गोष्ट दोन्ही पार काढून टाकली तर काय उरेल, याचे सर्वांत चोख उत्तर म्हणजे 'टेट्रिस'. १९८४ च्या सुमारास मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो तयार केला. त्यांच्या 'एलेक्ट्रोनिका ६०' या संगणकाला चित्रे काढताच येत नव्हती. पडद्यावर फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. पाजितनोव्ह यांनी चौकोनी कंस जवळजवळ ठेवून त्यांचेच ठोकळे केले.

पाजितनोव्ह यांना पाच चौकोन जोडून होणाऱ्या आकारांचे कोडे आवडे. आकार फिरवता येईल पण उलथता येणार नाही असे धरले, तर तीन चौकोनांपासून २ आकार होतात, चारांपासून ७ आणि पाचांपासून १८. दोन आकारांत खेळ रंगणार नाही. अठरा आकार घाईत ओळखताच येणार नाहीत. सात मात्र डोक्यात मावतात आणि कंटाळाही आणत नाहीत. पण नुसते ठोकळे रचत गेले तर पडदा काही सेकंदांत भरून जाई. मग भरलेली आडवी ओळ नाहीशी करण्याची कल्पना सुचली. या एका नियमाने खेळ पालटला. जे छान जमले ते पुसले जाते. डोळ्यांपुढे राहतात त्या फक्त आपल्या चुका!

पुढे वादिम गेरासिमोव्ह या शाळकरी मुलाने हा खेळ आयबीएमच्या संगणकावर आणून त्याला रंग दिले. रंगांनी आकार ओळखणे सोपे केले, खेळ बदलला नाही. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात धरायच्या यंत्राबरोबर टेट्रिस अनेक देशांत पोहोचला. त्या यंत्राचा पडदा हिरवट, फक्त चार छटांचा. त्याच सुमारास रंगीत पडद्याची प्रतिस्पर्धी यंत्रेही बाजारात होती. पण ती विजेऱ्या भराभर संपवत आणि किमतीने जास्त होती. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११.८ कोटी यंत्रे विकली गेली. आपल्याकडेही १९९० च्या दशकात जत्रेत, स्टेशनबाहेरच्या दुकानात 'ब्रिक गेम' नावाचे स्वस्त खेळणे मिळू लागले. राखाडी काचेवर काळे चौकोन, रंगाचा पत्ता नाही. आपल्यापैकी अनेकांनी ते मुलांकडून जप्त केले असेल आणि शिक्षकांच्या खोलीत हळूच खेळूनही पाहिले असेल!

या साध्या खेळाची खोली गणितज्ञांनाही गुंतवणारी निघाली. २००२ मध्ये एरिक डिमेन, सुझन होहेनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी सिद्ध केले, की येणारे सगळे ठोकळे आधीच सांगून टाकले तरीही सर्वोत्तम रचना शोधणे हे संगणकशास्त्रातील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडते. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा १९८९ च्या टेट्रिसमध्ये इतका पुढे गेला, की यंत्रच गोठले. खेळ निघाल्यानंतर ३४ वर्षांनी! चित्रांची नवलाई इतकी टिकत नाही.

देखणे चित्र, ओळखीची गोष्ट

आता उलट बाजूने पाहू. १९८३ मध्ये 'ड्रॅगन्स लेअर' नावाचा खेळ आला. पूर्वी डिस्नेकडे काम केलेल्या डॉन ब्लुथ यांनी त्यासाठी खरीखुरी व्यंगचित्रफीत तयार केली होती. ती लेसर डिस्कवर साठवलेली असे. बाकी खेळांत ठिपक्यांचे प्राणी असताना इथे साक्षात सिनेमा पाहून लोक थक्क झाले. इतर यंत्रांत २५ सेंट टाकावे लागत, इथे ५०. तरीही गर्दी लोटली.

पण खेळाडूने करायचे काय? फीत चालू असते. ठरावीक क्षणी ठरावीक दिशेला दांडा ढकलायचा किंवा तलवारीची कळ दाबायची. बरोबर केले तर फीत पुढे सरकते, चुकले तर नायक मरतो. दुसरा मार्ग नाही, स्वतःची युक्ती लढवायला जागा नाही. सगळा क्रम पाठ झाला की करण्यासारखे काही उरत नाही. पाढे पाठ करणे आणि गणित सोडवणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. ड्रॅगन्स लेअरचे नाव आजही आदराने घेतले जाते, पण ते त्याच्या चित्रकलेसाठी.

गोष्टीचेही तसेच. १९८२ मध्ये 'ई.टी.' या अतिशय लोकप्रिय चित्रपटावर अटारीने खेळ काढला. नाताळच्या बाजारपेठेसाठी तो सुमारे पाच आठवड्यांत तयार करवून घेतला होता. गोष्ट घराघरात ठाऊक होती. पण खेळाडू सारखा खड्ड्यात पडे. पाय खड्ड्याबाहेर दिसत असूनही चित्राचा एखादा ठिपका खड्ड्याला शिवला की यंत्र त्याला आत ढकली. डोळ्यांना दिसते एक आणि नियम सांगतो दुसरेच! न खपलेल्या मालाचा काही भाग १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो इथे कचऱ्याबरोबर पुरण्यात आला आणि २०१४ मध्ये तो खणूनही काढला गेला. सर्वांची लाडकी गोष्टसुद्धा त्या खेळाला वाचवू शकली नाही.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे

इथवर वाचून कोणी म्हणेल, 'झाले तर, चित्र आणि गोष्ट फुकट!' इतक्या घाईने निकाल देऊ नये. तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट अशी, की आपण टिकून राहिलेलेच खेळ पाहत आहोत. पाँगच्या काळात साधी चित्रे असलेले आणि खेळायलाही रटाळ असे खेळ ढिगाने निघाले. ते विसरले गेले म्हणून आपल्याला आठवत नाहीत. जुन्या वाड्यांपैकी भक्कम तेवढे उभे आहेत, यावरून 'पूर्वी सगळेच वाडे भक्कम बांधत' असे म्हणण्यासारखी ही चूक होईल. साधे चित्र म्हणजे चांगला खेळ, असे मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, काही खेळांत गोष्ट हेच मैदान असते. विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकीतील प्रचंड मॅमथ गुहेच्या अनुभवावर त्याने १९७६ च्या सुमारास 'ॲडव्हेंचर' हा खेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. यात एकही चित्र नाही. संगणक शब्दांत जागेचे वर्णन करतो, खेळाडू 'दिवा घे', 'उत्तरेला जा' अशा एकदोन शब्दांच्या आज्ञा देतो. इथे गोष्ट काढली तर खेळच उरत नाही, कारण खेळाडूचे सगळे निर्णय त्या गोष्टीच्या पोटात आहेत.

तिसरी गोष्ट, चित्र कधी कधी माहिती देते. रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंचा १९९३ मधला 'मिस्ट' पाहा. एका निर्जन बेटाची स्थिर, पण अतिशय बारकाईने काढलेली चित्रे. कोड्यांची उकल त्या चित्रांतच दडलेली. त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. इथे चित्र पुसट केले तर कोडे सुटणारच नाही. चित्रकार आणि खेळ यांची सांगड 'मारिओ'तही दिसते. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतो यांच्याकडे नायकासाठी मोजकेच ठिपके होते. तेवढ्यात तोंड नीट दिसेना म्हणून मिशी दिली, केस हलताना दाखवणे टाळायला टोपी दिली. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडपे यांचा आकार एकच आहे, रंग तेवढा वेगळा! चित्र गरिबीचे, पण कोण कुठे आहे हे क्षणात कळते.

याच खेळाचा आरंभ शिक्षकांनी आवर्जून पाहावा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचे उजवीकडे, हे न सांगता कळते. थोड्याच अंतरावर पहिला शत्रू संथपणे समोर येतो. उडी मारली नाही तर डाव संपतो, पण गेली फक्त काही सेकंदांची वाटचाल. पुन्हा प्रयत्न करायला काहीच वाटत नाही. एक शब्दही न वापरता पहिला धडा शिकवून झाला.

मग निकाल काय?

आमचे मत असे. खेळाचा पाया म्हणजे खेळण्याची रीत: अर्थपूर्ण निवड करता येणे आणि तिचा परिणाम लगेच, न्यायाने समोर येणे. चित्र आणि गोष्ट जेव्हा त्या निवडीला मदत करतात, तेव्हा ती खेळाचाच भाग होतात. जेव्हा निवडीची जागा बळकावतात, तेव्हा आपण खेळत नाही, नुसते पाहत बसतो. म्हणून 'कोण मोठे' यापेक्षा 'कोण कोणाच्या कामी येते' हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. अगदी लहान मुलांची गोष्ट थोडी वेगळी. सापशिडीत निवड शून्य असते, तरी सापाच्या तोंडी जाण्याची भीती आणि शिडीचा आनंद त्यांना पुरतो. वय वाढते तशी निवडीची भूकही वाढते.

या विचाराचा आपल्या कामाशी जवळचा संबंध आहे. आज शाळेच्या दारात रंगीत, हलत्या चित्रांचे धडे विकायला येतात. त्यावर शाळेचा पैसा आणि त्याहून मोलाचा असा मुलांचा वेळ खर्च होतो. समजा, एका धड्यात उत्तर चुकले की विदूषक धपकन पडतो आणि बरोबर आले की फक्त 'शाबास' उमटते. मुले काय करतील? मुद्दाम चुकीचे उत्तर देतील! दोष मुलांचा नाही. खेळाचा नियमच तसा आहे. म्हणून असा धडा घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पाच मिनिटांत मुलाला स्वतः किती निर्णय घ्यावे लागतात? चुकल्यावर का चुकले हे त्याला कळते का? आणि हाच धडा दुसऱ्यांदा करताना विचार करण्यासारखे काही उरते का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर तो धडा म्हणजे ड्रॅगन्स लेअर समजावा. मग खडू, फळा आणि एक चांगला प्रश्न त्याहून सरस ठरेल.

वर्गात करून पाहा

१. सापशिडीचा एकच पट दोन गटांना द्या. एका गटाने नेहमीप्रमाणे एक फासा टाकावा. दुसऱ्या गटाने दोन फासे टाकून त्यांतील कोणता आकडा घ्यायचा ते स्वतः ठरवावे. अर्ध्या तासाने विचारा: कोणत्या गटात चर्चा जास्त झाली, आणि का?

२. चौकटीच्या कागदातून टेट्रिसचे सातही आकार कापा. एकूण चौकोन २८. या सातांपासून ४ × ७ चा आयत बनवायला सांगा. मुले बराच वेळ झटतील. आयत बनणार नाही! कारण शोधायला एक सूचना द्या: आयत बुद्धिबळाच्या पटासारखा काळापांढरा रंगवा. त्यात १४ काळे आणि १४ पांढरे चौकोन येतात. सहा आकार प्रत्येकी दोन काळे, दोन पांढरे व्यापतात. एकच आकार, इंग्रजी टी अक्षरासारखा, एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक व्यापतो. मग बेरीज १४-१४ कशी होणार?

हा दुसरा उपक्रम करताना वर्गाकडे नीट पाहा. कागदाचे सात कपटे, ना रंगीत चित्र ना गोष्ट. आणि तास संपल्याची घंटा झाली तरी दोनतीन डोकी बाकावर वाकलेलीच दिसतील.